टिकीच्या घरातले शब्द

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल शहरात ‘माय-काय’ नावाचं एक उपाहारगृह आहे. २८ डिसेंबर १९५६ रोजी ते सुरू झालं. उंच, दोन्ही बाजूंनी उतरत्या छपराची इमारत. आत बांबू आणि वेत, लाकडात कोरलेल्या उग्र चेहऱ्यांच्या मूर्ती, छताला टांगलेल्या होड्या, अंधूक रंगीत दिवे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकाभर अशी ‘पॉलिनेशियन’ उपाहारगृहं निघाली. त्यांतली बहुतेक पाडली गेली. मूळ सजावटीसह उभी आहेत ती थोडी, आणि माय-काय त्यांतलं सर्वांत भव्य. अशा ठिकाणी हमखास मिळणारं पेय म्हणजे ‘माय-ताय’: रम, लिंबाचा रस, संत्र्याच्या सालीची क्युरासाव आणि बदामाचं सरबत.

उपाहारगृहाचं नाव माय-काय, पेयाचं नाव माय-ताय. यमक साधायला ठेवलेली नावं वाटतात. मराठी वाचकाला त्यांत माई आणि ताईही ऐकू येतील, पण त्यांच्याशी या शब्दांचा काही संबंध नाही. संबंध आहे तो या दोघांचा एकमेकांशी. एकाच शब्दाची ही दोन बेटांवरची दोन रूपं आहेत.

ताहितीच्या भाषेत ‘माइता’इ’ म्हणजे चांगलं. हवाईच्या भाषेत त्याचंच ‘माइका’इ’ होतं. कुक बेटांवर ‘मेइताकी’ म्हणतात, आणि तिथे याच शब्दाने आभारही मानतात. तिन्ही रूपं शेजारी मांडली की कोणता वर्ण कुठे गेला ते दिसतं. मूळचा ‘त’ हवाईत ‘क’ झाला. मूळचा ‘क’ ताहितीत आणि हवाईत, दोन्हीकडे, घशात विरला. त्याच्या जागी आता घसा क्षणभर मिटतो आणि उघडतो, इतकंच. या मिटण्यासाठी हवाईच्या लिखाणात वेगळं चिन्ह आहे. त्याचं नाव ओकिना, म्हणजे तोड. इथे मी ते वरच्या बाजूला काढलेल्या स्वल्पविरामासारखं लिहितो आहे. ते शोभेचं चिन्ह नव्हे, पूर्ण व्यंजन आहे. हवाईच्या भाषेत अवघी आठ व्यंजनं, त्यांतलं हे एक.

असे वर्णबदल आपल्याला नवे नाहीत. वऱ्हाडात आणि खानदेशात ‘काळा’चा ‘काया’ होतो, ‘शाळे’ची ‘शाया’ होते, आणि नियम एकदा कानात बसला की पुढचा अनोळखी शब्दही उलगडतो. पॅसिफिकमध्ये हीच गोष्ट हजारो मैलांच्या समुद्रावर घडली आहे. हवाईपुरते चार नियम पुरेत: त चा क, क ची तोड, र चा ल, आणि ङ चा न. एवढी शिदोरी घेऊन या उपाहारगृहांच्या पाट्या वाचत गेलं तर त्या एकमेकींशी बोलायला लागतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हवाईचा ‘क’ हा पूर्वी इतका पक्का नव्हता. कामेहामेहा राजाचं नाव सुरुवातीच्या युरोपीय खलाशांनी ‘त’ने लिहून ठेवलं आहे, आणि नी’इहाउ या छोट्या बेटावर आजही ‘त’ ऐकू येतो. छापखाना आल्यावर एक वर्ण निवडणं भाग पडलं, तेव्हा १८२६ साली मिशनऱ्यांनी चक्क मतदान घेतलं. त्यात ‘क’ जिंकला, आणि ‘र’ हरून ‘ल’ जिंकला. नाहीतर होनोलुलूचं स्पेलिंग आज निराळं असतं.

माय-ताय पेयाचा जनक व्हिक्टर बर्जरॉन. लोक त्याला ट्रेडर व्हिक म्हणत. त्याने १९३४ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एक साधी खाणावळ काढली आणि दोन-तीन वर्षांत तिला दक्षिण सागरातल्या बेटाचं रूप दिलं. १९४४ साली त्याने हे पेय बनवून ताहितीहून आलेल्या मित्रमंडळींपुढे ठेवलं. पहिला घोट घेऊन त्यांतली एक बाई ताहितीत उद्गारली की हे ‘माइता’इ रोआ’ आहे. व्हिकने तिच्या उद्गारातला पहिला शब्द उचलला, त्याचे दोन तुकडे केले आणि पेयाला नाव मिळालं. हे पेय आपल्याच कल्पनेवरून घेतल्याचा दावा दुसऱ्या एकाने केला होता, त्याच्याकडे मी येतोच. उद्गारातला दुसरा शब्द मात्र मागे राहिला, आणि मला त्याचंच जास्त वाटतं. ‘रोआ’ म्हणजे लांब, म्हणून फार, अतिशय. र चा ल केला की हवाईतला ‘लोआ’ मिळतो. तोच मौना लोआ या प्रचंड ज्वालामुखीच्या नावात आहे: लांब पर्वत. पेल्यातला उद्गार आणि नकाशावरचा डोंगर, दोन्हींत एकच विशेषण बसलं आहे.

ज्या नावाखाली हा सारा पसारा विकला गेला, ते ‘पॉलिनेशिया’ तिथल्या कुठल्याच भाषेतलं नाही. शार्ल द ब्रॉस या फ्रेंच विद्वानाने १७५६ साली ग्रीक शब्दांतून ते घडवलं: पुष्कळ बेटं. पॅसिफिकमधली सगळीच बेटं त्याच्या मनात होती. १८३१ साली द्युमाँ द्युर्विल या दर्यावर्दीने त्याची हद्द आखली आणि उरलेल्या बेटांसाठी मायक्रोनेशिया आणि मेलानेशिया ही नावं रूढ केली. उपाहारगृहांनी ही हद्द कधीच पाळली नाही. माय-कायमधल्या जेवणाच्या दालनांना ताहिती, सामोआ, टोंगा, मोओरेआ, हवाई अशी नावं आहेत, आणि त्यांच्याच पंगतीत न्यू गिनीही आहे, जिच्या भाषा आणि मूर्ती अगदी निराळ्या. सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर १९५०च्या दशकापासून ‘बाली हाय’ उभं आहे. त्याचं नाव जेम्स मिचनरच्या १९४७च्या कथासंग्रहातून आणि त्यावर बेतलेल्या संगीतिकेतून आलं. मिचनरने युद्धकाळात सॉलोमन बेटांकडच्या एका खेड्यात पाहिलेलं ते नाव, म्हणजे मेलानेशियातलं. इंग्रजीत ते लिहिताना मध्ये ओकिनासारखं चिन्ह घालतात, पण हवाईशी त्याचं सोयरसुतक नाही.

आता तो दुसरा माणूस. त्याचं जन्मनाव अर्नेस्ट गँट. अमेरिकेतली दारूबंदी १९३३च्या डिसेंबरात उठली आणि त्याच सुमारास त्याने हॉलिवूडमध्ये एक छोटं मद्यगृह उघडलं. पुढे ते ‘डॉन द बीचकोंबर’ म्हणून गाजलं, आणि त्याने स्वतःचंच नाव बदलून डॉन बीच करून घेतलं. ‘बीचकोंबर’ या शब्दाचा अर्थ किनारा विंचरणारा. एकोणिसाव्या शतकात, जहाजावरून पळून बेटावर राहिलेल्या आणि लाटांनी आणून टाकलेलं वेचून पोट भरणाऱ्या गोऱ्या खलाशांना हे नाव पडलं. आदराचं नव्हतं. गँटने ते अभिमानाने पाटीवर लावलं आणि सजावटही नावाला जागणारी केली: प्रवासात गोळा केलेल्या वस्तू, तुटक्या जहाजांचे भाग, मासेमारीची जाळी, जाळं तरंगतं ठेवणारे काचेचे पोकळ गोळे. वाळवून आत दिवा ठेवलेला फुगीर केंड मासा अशा प्रत्येक छताला आजही लटकलेला सापडतो. त्या सजावटीत कुठलाच देव नव्हता. ती किनाऱ्यावरची वेचाई होती.

देव नंतर आला, आणि त्याचं नाव ‘टिकी’.

आपण टिकी म्हणतो तो इंग्रजीतून आलेला ट. मूळ उच्चार आपल्या ‘त’जवळचा, म्हणजे ‘तिकी’. माओरी परंपरेत तिकी हे पहिल्या पुरुषाचं नाव. काही कुळांच्या कथेत ताने या देवाने त्याला घडवलं. त्यावरून माणसाच्या आकाराच्या कोरीव प्रतिमेलाही तिकी म्हणू लागले. गळ्यात घालायची हिरव्या दगडाची ‘हेइ-तिकी’ पिढ्यान्‌पिढ्या घरात जपली जाते, तिला पूर्वजांचा मान असतो. मार्केसस बेटांवरही हाच शब्द आहे. ताहितीत क गळून ‘ति’इ’ झालं. हवाईत त चा क आणि क ची तोड, दोन्ही नियम एकदम लागले आणि शब्द इतका बदलला की नियम माहीत नसेल तर ओळखूच येत नाही: ‘कि’इ’. आजच्या हवाईयन भाषेत कि’इ म्हणजे कोणतीही प्रतिमा, चित्र, छायाचित्रसुद्धा.

हवाईतल्या या कि’इंचं काय झालं, हे माहीत असल्याशिवाय कॅलिफोर्नियातल्या टिकींकडे पाहू नये असं मला वाटतं. हवाईत ‘कपू’ची, म्हणजे निषेधांची, कडक व्यवस्था होती. बायकांनी पुरुषांच्या पंगतीला बसायचं नाही, डुकराचं मांस, नारळ आणि कित्येक जातींची केळी खायची नाहीत. हाच शब्द टोंगात ‘तापू’. कॅप्टन कुकने १७७७ साली तो तिथे ऐकून टिपून ठेवला, आणि त्यातून इंग्रजीला ‘टॅबू’ मिळाला. कामेहामेहाच्या मृत्यूनंतर, १८१९ साली, तरुण राजा लिहोलिहो सर्वांसमक्ष बायकांच्या पंगतीला जाऊन जेवला. एका जेवणाने कपू मोडला. मागोमाग देवळं पाडायचा हुकूम निघाला आणि असंख्य कि’इ जाळल्या गेल्या. पहिले मिशनरी पोचले ते पुढच्या वर्षी. वाचलेल्या थोड्या मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत गेल्या, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनी अमेरिकेतल्या कारागिरांनी त्यांचीच छायाचित्रं पाहून ताडाच्या खोडांवर नव्या मूर्ती कोरल्या. लॉस एंजेलिसजवळच्या व्हिटियर गावात ‘ओशनिक आर्ट्स’ नावाचा कारखाना १९५६ ते २०२१ अशी पासष्ट वर्षं हेच काम करत होता. मूळ सजावट म्हणून आज ज्या मूर्तींची काळजी घेतली जाते, त्यांतल्या पुष्कळ तिथल्या.

म्हणून त्या खोट्या ठरतात का? मूर्ती म्हणून होय. पूर्वजाच्या चेहऱ्याच्या पेल्यात दारू ओतून ती पिणं हा अपमान आहे असं पॅसिफिकचे पुष्कळ लोक आज स्पष्ट सांगतात, आणि त्यांच्या म्हणण्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्या हातांनी त्या कोरल्या आणि ही दालनं सजवली त्या हातांचं काम खरं आहे. त्यांत फिलिपिनो कारागीर होते. पेल्यांमागचे लोकही मोठ्या प्रमाणावर फिलिपिनो. डॉन बीचकडे काम शिकलेल्या रे बुहेन यांनी १९६१ साली लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर ‘टिकी-ती’ हे चिमुकलं मद्यगृह काढलं, आणि त्यांचं कुटुंब ते आजतागायत चालवतं. मारियानो लिकुदिने हेही बीचच्याच हाताखालचे. माय-कायच्या पहिल्या दिवसापासून तिथली पेयं त्यांनी घडवली. बेटांच्या नावाने चाललेल्या या जगात खऱ्याखुऱ्या बेटांवरची माणसं होती, फक्त ती दुसऱ्या बेटांवरची होती आणि त्यांचं नाव पाटीवर नव्हतं.

माझ्या मते या सगळ्यांत शब्दाला सर्वांत शोभणारं दालन सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलात आहे. तळमजल्यात १९२९ साली बांधलेला पोहण्याचा तलाव होता. १९४५ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर चित्रसंस्थेत देखावे उभारणाऱ्या मेल मेल्विन यांनी त्या तलावाचंच सरोवर केलं. भोवती झावळ्यांच्या मांडवाखाली टेबलं, पाण्यात तरंगणाऱ्या तराफ्यावर वाद्यवृंद, नाचायची जागा एका जुन्या लाकूडवाहू जहाजाच्या भागांतून बांधलेली. मधूनमधून गडगडाट होतो आणि छतातून खरा पाऊस सरोवरावर पडतो. २००९ साली हॉटेलच्या मालकांनी तिथे सदनिका बांधायचा घाट घातला तेव्हा शहराने विरोध केला, आणि दालन वाचलं. त्याचं नाव टोंगा रूम.

‘टोंगा’ म्हणजे दक्षिण. आता आपले नियम लावू: त चा क, ङ चा न. टोंगाचं हवाईत होतं ‘कोना’. कॉफीच्या पुड्यावर जे ‘कोना’ छापलेलं असतं ते हेच: बेटाची वाऱ्याच्या आडोशाची, दक्षिण-पश्चिमेकडची बाजू. एका हॉटेलात टोंगा रूममध्ये जेवून शेवटी कोना कॉफी मागवणारा माणूस एकच शब्द दोनदा उच्चारतो.

ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये १९६१ साली ‘काहिकी’ उभं राहिलं. बेटांवरच्या सभागृहासारखी उंच उठलेली इमारत, दाराशी ईस्टर बेटावरच्यासारखे दोन प्रचंड मुखवटे, त्यांच्या डोक्यांतून ज्वाळा. आत आणखी एक महाकाय चेहरा, तो शेकोटी होता. १९९७ साली या इमारतीची नोंद राष्ट्रीय वारसा यादीत झाली. पण अमेरिकेतल्या त्या यादीने मालकाचे हात बांधले जात नाहीत. २००० साली काहिकी पाडलं आणि तिथे औषधांच्या साखळी कंपनीचं दुकान झालं. ज्यांनी ते पाहिलं होतं ते लोक अजून त्याविषयी घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात, आणि मला ते समजू शकतं. त्यासारखं दुसरं कुठेच नव्हतं.

पण ‘काहिकी’ म्हणजे काय? त चा क करून ते मुद्दाम लपवल्यासारखं झालंय. उलटा प्रवास केला की ‘ताहिती’ मिळतं. हवाईत काहिकी म्हणजे ताहिती, आणि मग त्यावरून समुद्रापलीकडचा कुठलाही दूरचा देश. जिथून पूर्वज नावा वल्हवत आले तो देश, आणि पुढे जिथून कोणतीही नवी वस्तू आली तोही. शिकागोजवळच्या रिव्हर ग्रोव्ह गावात १९६०च्या दशकापासून ‘हाला काहिकी’ नावाचं मद्यगृह आहे. ‘हाला काहिकी’ म्हणजे अननस. शब्दशः, परदेशी हाला. आणि हाला म्हणजे केवड्याच्या कुळातलं झाड, आपल्या केवड्याचं सख्खं भावंड. त्याचं फळ अननसासारखं खवल्याखवल्यांचं, पानं तशीच लांब, काटेरी कडांची. हवाईतल्या माणसाने पहिल्यांदा अननस पाहिला आणि त्याला ‘परदेशी केवडा’ म्हटलं. आपण त्याच फळाला अननस म्हणतो ते पोर्तुगिजांच्या तोंडून, आणि त्यांनी तो शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून आणला. दोन किनाऱ्यांनी एकाच फळाचं स्वागत दोन रीतींनी केलं: आपण पाहुण्याचं नाव ठेवून घेतलं, त्यांनी त्याला घरातल्या झाडाचं नाव दिलं. याच हालाच्या पानांच्या विणलेल्या चटया, लाउहाला, जुन्या उपाहारगृहांच्या भिंतींना लावलेल्या आहेत. लाउ म्हणजे पान.

चटयांच्या शेजारी भिंतीवर सालीचं कापड असतं. कागदी तुतीची साल भिजवून, बडवून, त्यावर भौमितिक नक्षी उमटवतात. त्याला बाहेरचे लोक ‘तापा’ म्हणतात, हवाईत ‘कापा’. इथे मराठी माणसाला फार मोह होतो: कापा आणि कापड! हा मोह आवरायला हवा. आपलं कापड संस्कृत ‘कर्पट’वरून आलं, आणि कापाचा क हा तर मूळचा त आहे. इतिहासात मागे जाऊ तसे हे दोन शब्द एकमेकांपासून दूर सरकतात. टिकी आणि ‘टिकणे’ यांचंही तसंच. शब्दांची खरी नाती बहुधा दिसण्यात सापडत नाहीत. कि’इ आणि तिकी पाहून कोणी भावंडं म्हटलं नसतं.

खरं नातं पाहायचं तर ताटात पाहावं. या उपाहारगृहांत ‘लुआउ’ची मोठी जाहिरात असे: फुलांचे हार, नाच, भट्टीत भाजलेलं डुक्कर. लुआउ म्हणजे मेजवानी हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. त्याआधी मेजवानीचा शब्द वेगळा होता. ‘लू’आउ’ म्हणजे अळूची कोवळी पानं, आणि नारळाच्या दुधात ती शिजवून केलेला पदार्थ. पंगतीत तो इतका हटकून असायचा की पंगतीलाच त्याचं नाव पडलं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या लग्नाच्या पंगतीतलं अळूचं फतफतं दिसलं. वनस्पती तीच. आपण पंगतीला ‘अळू’ म्हटलं नाही एवढंच, पण अळूवाचून पंगत अडते हे पुण्या-कोकणात सांगायला नको. या झाडाचं नाव ताहितीत आणि माओरीत ‘तारो’, म्हणून इंग्रजीत तारो. हवाईत नियमाप्रमाणे ‘कालो’. हवाईच्या कथेत पहिल्या माणसाचा थोरला भाऊ जन्मताच मेला, त्याला पुरलं तिथे कालो उगवला. अळू हा माणसाचा मोठा भाऊ. अळूच्या गड्ड्याला फुटणाऱ्या कोंबाला ‘ओहा’ म्हणतात आणि त्यावरून कुटुंबाला ‘ओहाना’.

आपल्या किनाऱ्याचं आणखी एक नातं त्या दालनांत टांगलेलं आहे. छताची होडी नीट पाहिली तर तिच्या एका अंगाला आडव्या काठ्यांवर बांधलेला ओंडका दिसतो. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे. कोकणातल्या कोळ्याकडे त्यासाठी एकच शब्द आहे: उलांडी. ही बांधणी पॅसिफिकपासून हिंदी महासागरापर्यंत ज्या दर्यावर्दी लोकांनी पसरवली, त्यांच्याच भाषाकुळातून तिकी, तापू, तारो आले आहेत.

आणि बांबू. बांबूशिवाय यांतलं एकही दालन पुरं होत नाही, आणि हा शब्द युरोपीय छापील पुस्तकात सुरुवातीला ज्यांनी आणला त्यांत गार्सिया द ऑर्ता हा गोव्यातला पोर्तुगीज वैद्य आहे. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात वंशलोचनाची चर्चा करताना त्याने या वेताला इथले लोक ‘मांबू’ म्हणतात असं नोंदवलं. शब्दाचं मूळ कोणी मलय भाषेत शोधतं, कोणी कन्नडात. गंमत अशी की मराठीत कळक, वेळू, माणगा, चिवा असे आपले जातवार शब्द असताना बाजारात जिंकला तो ‘बांबू’च.

गोव्याचा दुसरा धागा पेल्यात आहे. डॉन बीचने आपली बहुतेक पेयं कॅरिबियन मळेवाल्यांच्या ‘पंच’वर बेतली. आंबट, गोड, कडक, सौम्य आणि मसाला. त्याने यांतल्या प्रत्येकाचे दोन-तीन पोटभाग केले, तीन प्रकारच्या रम, दोन प्रकारची फळं. लिकुदिने यांच्या हातून ती रीत माय-कायमध्ये पोचली. पंच म्हणजे पाच, ही व्युत्पत्ती जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने दिली. तो १६७०च्या दशकात मुंबई आणि गोव्याकडे फिरत होता. गोव्याच्या परिसरात नेरूल इथे उत्तम अर्क, म्हणजे ताडमाडांची ऊर्ध्वपातित दारू, मिळते, आणि किनाऱ्यावरचे इंग्रज त्यात पाच गोष्टी घालून हे पेय करतात, म्हणून त्याचं नाव हिंदुस्थानी ‘पाच’वरून, असं त्याने लिहून ठेवलं. कोशकारांना यात खोट दिसते. शब्द त्याच्या आधी, १६३२च्या एका इंग्रजी पत्रात सापडतो, आणि १६३८ साली सुरतेत आलेल्या मांडेल्स्लोच्या वर्णनात त्याचे घटक चारच आहेत. दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणतात, त्याचं हे लघुरूप असावं असाही पक्ष आहे. मी फ्रायरच्या बाजूचा आहे. हे पेय हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या वखारींत जन्मलं याविषयी फारसा वाद नाही, आणि जिथे पंचामृत, पंचखाद्य, पंचपक्वान्न असे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत तिथे पाच घटकांच्या मिश्रणाला आणखी कुठलं नाव पडणार?

या वास्तू टिकतात त्या निरनिराळ्या मार्गांनी. होनोलुलूच्या बंदराजवळ १९५७ साली निघालेल्या ‘ला मारियाना’ने वायकीकीतली एकेक उपाहारगृहं बंद पडत गेली तशी त्यांची टेबलं, खांब आणि मूर्ती आणून आपल्याकडे मांडल्या. एका दालनात चार मेलेल्या दालनांचं सामान नांदतं. माय-कायवर तर २०२० साली घाला आला. मुसळधार पावसाने स्वयंपाकघरावरचं छप्पर कोसळलं आणि दार बंद झालं. चार वर्षं डागडुजी चालली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. २०१४ पासून त्याचं नाव राष्ट्रीय वारसा यादीत आहे. या वेळी पैसा लावणारे मिळाले म्हणून तो वारसा वाचला.

शब्दांची कथा यापेक्षा कठीण आहे. १८९६ साली हवाईत कायदा झाला की शाळांत शिकवायचं ते इंग्रजीतून. पुढच्या दोन-तीन पिढ्या आईच्या भाषेत शिकल्याच नाहीत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर लुआउ, लानाय, पूपू हे शब्द पदार्थांच्या याद्यांवर झळकत होते ते नेमकं या काळात. हवाई १९५९ साली अमेरिकेचं राज्य झालं तेव्हा या उपाहारगृहांना बहर आला होता, आणि हवाईच्याच शाळेतल्या मुलाला त्या यादीतल्या शब्दांचा अर्थ कोणी शिकवत नव्हतं. ‘पूपू’ म्हणजे शिंपला, शंख; मग ‘आवा’ या कडू पेयाबरोबर तोंडी लावायचा घास; आणि शेवटी उपाहारगृहात तळलेल्या पदार्थांचं ताट. मधल्या पायरीचा अर्थ ज्यांच्या घरात जिवंत होता त्यांची घरं गप्प होत चालली होती.

१९७८ साली हवाईच्या राज्यघटनेत हवाईयन पुन्हा राजभाषा झाली. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली माओरींनी लहान मुलांसाठी ‘कोहांगा रेओ’ सुरू केले. कोहांगा म्हणजे घरटं आणि रेओ म्हणजे भाषा, आवाज. ते पाहून हवाईत १९८४ साली ‘पूनाना लेओ’ बालवाड्या निघाल्या. पूनाना म्हणजे घरटं. आणि लेओ? र चा ल. १९८७ पासून हवाईच्या सरकारी शाळांतही काही वर्ग पूर्णपणे हवाईयनमधून चालू लागले, आणि तिथे मुलं माइका’इ हा शब्द लिहिताना शेवटच्या इ आधीची तोड न विसरता लिहितात.